ओल्या ऊतीला धरून ठेवणारं हायड्रोजेल कसं विकसित करावं

हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या जाळ्याचा, वैद्यकीय गोंद बनवायला निघालेले बरेच विद्यार्थी प्राण्यापासून सुरुवात करतात. शिंपला आवडला म्हणून डोपामाइन मागवलं, तपकिरी जेल तयार केलं, आणि मग ते कुठे लावायचं याचा शोध सुरू. माझा सल्ला उलटा आहे. आधी जखम ठरवा, मग प्राणी निवडा. पॉलिमर, औषधनिर्माण किंवा जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच अशा कामाला हात घालणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात एकच जोडी सविस्तर घेतली आहे: चिकटण्याचं रसायन शिंपल्याकडून आणि चिवटपणाची रचना गोगलगाईकडून. इथलं प्रमाण प्रयोगशाळेतल्या कामासाठी आहे, घरच्या जखमेवर लावण्यासाठी नाही.

पायरी १: जखम कागदावर मांडा

अवयव कोणता, तो किती ताणला जातो, आतून दाब किती, रक्त वाहतंय की फक्त ओल आहे, जेल किती दिवस टिकायला हवं, आणि नंतर ते विरघळायचं की काढायचं? एवढ्या प्रश्नांची उत्तरं लिहून काढल्याशिवाय एकही रसायन मागवू नका.

आकडे टाकले की चित्र बदलतं. धमनीतला वरचा रक्तदाब साधारण १२० मिमी पारा, म्हणजे सुमारे १६ किलोपास्कल. आडव्या झोपलेल्या प्रौढ माणसाच्या मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब ७ ते १५ मिमी. डोळ्यातला १० ते २१ मिमी. म्हणजे मेंदूच्या आवरणावरच्या जेलला धमनीइतका दाब सोसायचा नाही, पण तिथे ते फुगलं तर जवळच्या मज्जातंतूवर दाब येतो. धमनीवर थोडं फुगलेलं चालेल, सुटलेलं चालणार नाही. दोन्हीकडे एकच जेल चालवायचा अट्टहास केला की दोन्हीकडे अर्धवट काम होतं.

आज शल्यविशारदाच्या हाताशी काय आहे तेही पाहून ठेवा. फायब्रिनचा गोंद रक्त गोठण्याच्या शेवटच्या टप्प्याची नक्कल करतो. शरीराला तो मानवतो, पण त्याची पकड कमकुवत असते. सायनोअ‍ॅक्रिलेट घट्ट धरतं, पण कडक होतं आणि घट्ट होताना उष्णता सोडतं, त्यामुळे त्याचा वापर मुख्यतः त्वचेच्या वरच्या बाजूला होतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची जेलं काही सेकंदांत जमतात, पण पाणी शोषून फुगतात. तुमचं जेल यांपैकी नेमक्या कोणत्या उणिवेवर उत्तर आहे, हे एका वाक्यात लिहिता येत नसेल तर पहिली पायरी अजून संपलेली नाही.

पायरी २: प्राण्याकडून नेमकं काय घ्यायचं?

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या खडपांवर लाटा आदळत असतात आणि हिरवे शिंपले, गोव्यातले शिणाणे, जागचे हलत नाहीत. प्रत्येक शिंपला बारीक धाग्यांनी खडकाला बांधलेला असतो आणि धाग्याच्या टोकाला चिकट चकती असते. या चकतीच्या प्रथिनांत डोपा नावाचं अमिनो आम्ल आहे, हे हर्बर्ट वेट आणि मार्विन टँझर यांनी १९८१ मध्ये दाखवलं. डोपाच्या टोकाला कॅटेकॉल असतो, म्हणजे शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेलं वलय. खडकाला टेकणाऱ्या प्रथिनांत डोपाचं प्रमाण सर्वांत जास्त असतं.

मात्र एकट्या कॅटेकॉलने काम भागत नाही. ओल्या पृष्ठभागावर पाणी आणि क्षारांचा थर बसलेला असतो. शेजारचा लायसिनचा धनभारित गट तो थर बाजूला सारतो आणि मग कॅटेकॉलला जागा मिळते, हे २०१५ च्या संशोधनातून पुढे आलं. म्हणूनच अमिनो गटांनी भरलेल्या कायटोसानवर कॅटेकॉल बसवणं ही नुसती सोय नाही, त्यामागे हे कारण आहे.

२००६ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने एकेका डोपा रेणूची पकड मोजली. टायटॅनियमच्या ऑक्साइडवरून एक रेणू सोडवायला सुमारे ८०० पिकोन्यूटन बल लागलं. डोपाचं ऑक्सिडेशन होऊन क्विनोन झालं की तिथली पकड एकदम घसरली. उलट अमिनो गट असलेल्या पृष्ठभागावर तेच क्विनोन कायमचा सहसंयुज बंध बांधतं. ऊती अमिनो गटांनी भरलेल्या असतात, त्यामुळे तुम्हाला थोडं ऑक्सिडेशन हवंच आहे, फक्त योग्य वेळी. बाटलीत झालं तर माल वाया, ऊतीवर झालं तर काम फत्ते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या वेळेभोवती फिरतात.

गोगलगाईचा धडा वेगळा आहे. युरोपात आढळणारी, पाठीवर कवच नसलेली एरियन सबफस्कस ही गोगलगाय घाबरली की चिकट, चिवट स्राव सोडते. त्याच्या घडणीवरून हार्वर्डमध्ये जियानयू ली, डेव्हिड मूनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दोन भागांचा गोंद मांडला: ऊतीशी बांधणारा पातळ थर आणि त्यामागे ताण पचवणारं जाड जेल. हवाबंद पिशवी उघडताना जशी कडा सुटत जाते, तसा चिकटलेल्या थरात तडा पुढे सरकतो. मागचं जेल ती ऊर्जा स्वतःत जिरवत असेल तर तडा अडकतो. ओल्या ऊतीवर त्यांनी १००० ज्यूल प्रति चौरस मीटरच्या वर पकड मोजली. पृष्ठभागावरचे बंध कितीही मजबूत असोत, मागचं जेल ठिसूळ असेल तर गोंद फुकट.

इतर प्राण्यांबद्दल थोडक्यात. कोळ्याच्या जाळ्यावरचे चिकट थेंब आधी पाणी शोषतात आणि मग धरतात. ह्युनवू युक आणि झुआन्हे झाओ यांची २०१९ ची कोरडी दुहेरी पट्टी याच युक्तीवर उभी आहे आणि ती ५ सेकंदांत धरते. होडीच्या बुडाला बसणारा बार्नाकल आधी तेलकट पदार्थाने पाणी हटवतो. त्यावरून २०२१ मध्ये वाहत्या रक्तातही बसणारी पेस्ट तयार झाली. पालीच्या पायावरचे सूक्ष्म केस कोरड्या भिंतीवर उत्तम, पण ओल्या आतड्यावर ते एकटे पुरे पडत नाहीत. (तानाजीच्या आख्यायिकेतली यशवंती मात्र इथे कामाची नाही. घोरपड नखांनी धरते, चिकटत नाही.)

पायरी ३: चिकटणारं पॉलिमर बनवा

कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळतं. विकत घेताना रेणुभार आणि डीअ‍ॅसिटिलेशनची टक्केवारी (किती एककांवर मोकळा अमिनो गट आहे) पुरवठादाराकडून लेखी मागा. नुसतं 'मध्यम रेणुभार' असं लिहिलेल्या बाटलीवर प्रकल्प उभा करू नका, पुढची बाटली वेगळीच वागेल.

हिशोब असा करा. ८० टक्के डीअ‍ॅसिटिलेशन असेल तर एका एककाचं सरासरी वजन ०.८ गुणिले १६१ अधिक ०.२ गुणिले २०३, म्हणजे सुमारे १६९. एक ग्रॅम कायटोसानमध्ये साधारण ५.९ मिलिमोल एकके झाली. त्यांपैकी १० टक्क्यांवर कॅटेकॉल हवं तर ०.५९ मिलिमोल जोडलं जायला हवं. जोडणी पूर्ण होत नाही, म्हणून पहिल्या फेरीत कॅटेकॉल असलेलं हायड्रोकॅफिक आम्ल १.५ मिलिमोल, म्हणजे सुमारे २७३ मिग्रॅ घ्या. जोडणी घडवणारं ईडीसी हायड्रोक्लोराइडही तेवढेच मिलिमोल, सुमारे २८८ मिग्रॅ. प्रत्यक्षात किती जोडलं गेलं ते मोजून पुढच्या फेरीत प्रमाण बदला.

आता कृती. कायटोसान पाण्यात घालून थेंबथेंब हायड्रोक्लोरिक आम्लाने विरघळवा. सवयीने असेटिक आम्ल वापरू नका: त्याचा कार्बोक्सिल गटही ईडीसीशी क्रिया करतो आणि तुमचं जोडणीद्रव्य तिथेच खर्ची पडतं. पीएच ५ ते ५.५ दरम्यान आणा. हायड्रोकॅफिक आम्ल आणि ईडीसी पाणी-इथेनॉलच्या मिश्रणात विरघळवून हळूहळू ओता. फ्रीझरमधली ईडीसीची बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं आणि पावडर निकामी होते. मिश्रण रात्रभर ढवळत राहू द्या, पीएच मधूनमधून तपासा, ५.५ च्या वर जाऊ देऊ नका. भांड्यातून नायट्रोजन सोडलेला बरा.

मग डायलिसिस: द्रावण बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवा, म्हणजे न जोडलेले लहान रेणू बाहेर जातात. बाहेरचं पाणी पीएच ४ ते ५ पर्यंत आम्लयुक्त ठेवा, पहिल्या बदलांत थोडं मीठ घाला, शेवटी साधं आम्लयुक्त पाणी. घाईत नळाचं पाणी वापरलं तर रात्रीतून पिशवी गुलाबी होते, कारण आपल्याकडच्या नळाच्या पाण्याचा पीएच बहुधा ७ च्या वर असतो आणि त्यात लोहही असू शकतं. शेवटी गोठवून कोरडं करा आणि अंधारात, नायट्रोजनखाली, उणे २० अंशांवर ठेवा.

तपासणीला वर्णपटमापी पुरतो. कॅटेकॉलचं शिखर २८० नॅनोमीटरजवळ येतं. हायड्रोकॅफिक आम्लाच्या ज्ञात द्रावणांवरून रेषा काढा आणि किती टक्के जोडलं गेलं ते मोजा. ४०० च्या आसपास शोषण वाढलेलं दिसलं तर ऑक्सिडेशन आधीच झालेलं आहे, तो माल बाजूला ठेवा. शक्य असेल तर एनएमआरने पडताळा. आणखी एक गोष्ट: साधं कायटोसान नेहमी जोडीला ठेवा. २०१७ च्या गोंदात कॅटेकॉल नव्हतंच, साधं कायटोसान ईडीसीच्या मदतीने बांधलं होतं. तुमच्या कॅटेकॉलने त्यात खरंच भर घातली का, हे तुलनेशिवाय कळणार नाही. कधी कधी उत्तर 'नाही' असं येतं, आणि मग पुढचं निम्मं काम वाचतं.

पायरी ४: चिवट गाभा, म्हणजे मागचं जाड जेल

अल्जिनेट आणि पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड यांचं दुहेरी जाळं २०१२ मध्ये हार्वर्डमधल्या झिगांग सुओ यांच्या गटाने मांडलं. जेल मूळ लांबीच्या वीसपट ताणलं गेलं आणि फाटायला सुमारे ९००० ज्यूल प्रति चौरस मीटर ऊर्जा लागली. ताण आला की अल्जिनेटचे कॅल्शियमचे बंध सुटून ऊर्जा जिरवतात आणि अ‍ॅक्रिलअमाइडचं जाळं आकार टिकवतं.

५० मिली जेलसाठी अल्जिनेट १ ग्रॅम आणि अ‍ॅक्रिलअमाइड ६ ग्रॅम. जाळं जोडणारं मिथिलीन-बिस-अ‍ॅक्रिलअमाइड अ‍ॅक्रिलअमाइडच्या ०.०६ टक्के, म्हणजे अवघं ३.६ मिग्रॅ. एवढंसं वजन काट्यावर नीट येत नाही, म्हणून २ टक्क्यांचं द्रावण करून त्यातलं ०.१८ मिली घ्या. कॅल्शियम सल्फेट अल्जिनेटच्या वजनाच्या सुमारे १३ टक्के. एका सिरिंजमध्ये अल्जिनेट, अ‍ॅक्रिलअमाइड, जोडद्रव्य आणि टेमेड (क्रियेला वेग देणारं द्रव्य). दुसरीत बारीक दळलेल्या कॅल्शियम सल्फेटचं पाण्यातलं मिश्रण आणि क्रिया सुरू करणारं अमोनियम परसल्फेट. दोन्हीतली हवा काढा, सिरिंज जोडणीने एकमेकींना जोडा, दहा-बारा वेळा जोरात इकडून तिकडे ढकला आणि लगेच काचेच्या साच्यात ओता. वर काच ठेवा, कारण हवेतला ऑक्सिजन पॉलिमर होऊ देत नाही. रात्रभर खोलीच्या तापमानाला राहू द्या. साच्यात ओतायच्या आतच जेल जमत असेल तर टेमेड कमी करा. गाठी दिसत असतील तर सल्फेट नीट दळलेलं नाही.

न जुळलेलं अ‍ॅक्रिलअमाइड मज्जासंस्थेला घातक आहे. हातमोजे, धूरकपाट आणि वजन करताना मास्क, यांत सवलत नाही. जेल धुतल्याशिवाय पेशींजवळ नेऊ नका. आणि धुताना फॉस्फेट बफर वापरू नका: फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, जेल मऊ पडतं, आणि तुम्ही दोष चिकटण्याला देत बसता. थोडं कॅल्शियम घातलेलं हेपेस-सलाइन वापरा.

हा गाभा शरीरात विरघळत नाही. अल्जिनेट तोडणारं विकर माणसाजवळ नाही, पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडही तसंच टिकून राहतं. त्वचेवरच्या किंवा नंतर काढायच्या पट्टीला ते चालेल. पोटात सोडायचं असेल तर जिलेटिन, ऑक्सिडाइज्ड अल्जिनेट यांसारखा पर्याय हवा. पायरी १ मध्ये लिहिलेलं उत्तर इथे कामाला येतं.

पायरी ५: ऊतीवर बसवणं

चिकटणारं पॉलिमर एमईएस बफरमध्ये, पीएच ६ च्या आसपास, २ टक्के. लावायच्या अगदी आधी त्यात ईडीसी आणि त्याच्या जोडणीला मदत करणारं सल्फो-एनएचएस प्रत्येकी १२ मिग्रॅ प्रति मिली मिसळा. ट्रिस किंवा ग्लायसिनचा बफर इथे चालत नाही, त्यांचेच अमिनो गट आधी जोडले जातात. मिश्रण जेलच्या एका बाजूवर पातळ पसरा, ऊतीवर ठेवा आणि हलका दाब द्या. पकड काही मिनिटांत येते आणि अर्ध्या तासापर्यंत वाढत जाते. कॅटेकॉलचं क्विनोन ऊतीच्या साधारण ७.४ पीएचवर आपोआप होऊ लागतं. घाई असेल तर ऑक्सिडेशन घडवणारं सोडियम परआयोडेट कॅटेकॉलच्या निम्म्या मोलने घेऊन पाहा, त्याहून जास्त नको. ते शर्करेच्या साखळीलाही तोडतं.

पायरी ६: पकड मोजणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे थांबून सांगतो.

ऊती खाटकाकडून आणायची असेल तर ती कशी हाताळली आहे ते विचारा. केस काढायला डुकराची कातडी कढत पाण्यात बुडवतात, बोकडाची भाजतात. दोन्हींत वरचं प्रथिन बदलतं. कच्ची, न भाजलेली कातडी मागा, चरबी खरवडून काढा, सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून थंड ठेवा आणि त्याच दिवशी वापरा. गोठवायची असेल तर सगळ्या तुलनांसाठी एकच पद्धत ठेवा. एका जनावराच्या दहा तुकड्यांवरच्या दहा चाचण्या म्हणजे दहा नमुने नव्हेत. संख्या जनावरांची मोजायची.

सोलण्याच्या चाचणीत जेलच्या मागे न ताणला जाणारा पॉलिएस्टरचा पातळ पत्रा चिकटवा, नाहीतर तुम्ही जेलची लवचिकता मोजाल, पकड नाही. आलेखात बल स्थिरावतं ते सपाट मूल्य घ्या, शिखर नको. समजा पट्टी २० मिमी रुंद आणि स्थिर बल ४ न्यूटन. १८० अंशांत सोललं तर पकड दोन गुणिले ४ भागिले ०.०२, म्हणजे ४०० ज्यूल प्रति चौरस मीटर. तेच बल ९० अंशांत आलं असेल तर २००. दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी कोन पाहा. घसरणीच्या चाचणीत (चिकटलेले दोन तुकडे पृष्ठभागाला समांतर ओढतात ती) किलोपास्कल मिळतात, ते या आकड्यांशी तोलता येत नाहीत.

पद्धती नव्याने शोधू नका. चाचण्यांची मानकं ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेच्या एफ २२५५ मध्ये घसरण, एफ २२५६ मध्ये सोलणं, एफ २२५८ मध्ये सरळ ओढणं, एफ २३९२ मध्ये फुटण्याचा दाब, एफ २४५८ मध्ये जखम धरण्याची ताकद आहे. फुटण्याच्या चाचणीला सॉसेजचं कोलॅजेनचं वेष्टण वापरतात. ते एकसारखं असतं, त्यामुळे जेलांची आपसातली तुलना स्वच्छ होते.

प्रत्येक चाचणीनंतर दोन्ही पृष्ठभागांकडे पाहा. जेलमध्ये थोडा खाण्याचा रंग घातलेला असेल तर सोपं जातं. ऊती स्वच्छ सुटली तर चिकटणाऱ्या थरात दोष आहे, पायरी ३ कडे जा. दोन्हीकडे जेल राहिलं तर गाभा कमजोर, पायरी ४ कडे जा. ऊतीच फाटली तर तुम्ही पुरेसे पुढे आला आहात, ताकद वाढवत बसू नका. हा फरक न लिहिता फक्त आकडा देणारा अहवाल माझ्या लेखी अर्धाच. आणि एक चाचणी रक्त लावून कराच. कोरड्या पुसलेल्या कातडीवरचा मोठा आकडा रक्तात बहुतेक वेळा बराच खाली येतो.

पायरी ७: पेशी, फुगणं, निर्जंतुकीकरण

कॅटेकॉलचं ऑक्सिडेशन होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेशी मरत असतील तर रसायन बदलण्याआधी माध्यमात कॅटालेज, म्हणजे पेरॉक्साइड तोडणारं विकर, घालून पाहा. पेशी वाचल्या तर गुन्हेगार पेरॉक्साइड आहे, आणि जेल लावण्याआधी धुण्याने किंवा कॅटेकॉल कमी करून तो आवरता येतो. आयएसओ १०९९३-५ नुसार पेशींची जिवंत राहण्याची टक्केवारी ७० च्या खाली गेली तर पदार्थ विषारी ठरू शकतो. पेशींच्या चाचणीत जेल पास झालं की फुगणं मोजा, तेही ३७ अंशांवर, शरीरासारख्या द्रवात. साध्या पाण्यातला आकडा दिशाभूल करतो. कायटोसानला शरीरातलं लायसोझाइम हे विकर तोडतं, म्हणून विरघळण्याची चाचणी ते घालून करा. कवचधारी जलचरांची अ‍ॅलर्जी असलेल्यांचा प्रश्न आणि जंतुविषाची चाचणी या दोन बाबी सुरुवातीलाच यादीत घ्या. धनभारित कायटोसान जंतुविषाला बांधून ठेवतं, त्यामुळे चाचणीत ते कमी दिसू शकतं.

ऑटोक्लेव्हची वाफ कॅटेकॉलला सोसत नाही. गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात किंवा जास्त जोडल्या जातात. कोरडं पॉलिमर इथिलीन ऑक्साइडने किंवा थंड ठेवून कमी मात्रेच्या किरणांनी करून पाहा, आणि त्यानंतर पायरी ६ पुन्हा करा. निर्जंतुकीकरणाआधीचे पकडीचे आकडे उत्पादनाचे आकडे नसतात.

पायरी ८: जनावर, माणूस आणि कागद

प्राण्यांवरच्या प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. अर्जात किती प्राणी आणि का, याचं गणित मागतात. ते पायरी ६ मधल्या विखुरलेपणावरून करा. भारतात अशी उत्पादनं वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली येतात आणि धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग पडतात. शरीरात सोडायचं, विरघळणारं जेल वरच्या वर्गात जाईल असंच धरून चाला. चाचणीपुरतं उत्पादन करायला एमडी-१२ अर्ज, माणसांवरच्या तपासणीला एमडी-२२, सी आणि डी वर्गाच्या उत्पादन परवान्याला एमडी-७. धोक्यांची नोंद आयएसओ १४९७१ च्या पद्धतीने पहिल्या दिवसापासून ठेवा. दोन वर्षांनी आठवून लिहिलेली नोंद तपासनीस लगेच ओळखतो.

आणि शल्यविशारदाला शेवटी नाही, पायरी ४ नंतरच प्रयोगशाळेत बोलवा. त्याच्या हातात ओले हातमोजे, रक्त आणि मिनिटभराचा वेळ द्या. जेल मोज्याला चिकटलं, तिरकं बसल्यावर उचलता आलं नाही, किंवा मिसळायला दोन माणसं लागली, तर ते शस्त्रक्रियागृहात जाणार नाही. चुकीच्या जागी बसलेली पट्टी काढता येणं हीही गरज आहे. २०२० मध्ये झाओ यांच्या गटाने सोडियम बायकार्बोनेट आणि ग्लुटाथायोनच्या द्रावणाने सुटणारी पट्टी दाखवली, ती याच कारणासाठी. तुमच्या रचनेत असा सुटणारा बंध बसवायचा असेल तर तो पायरी ३ मध्येच बसवावा लागतो, नंतर जोडता येत नाही.